बाईने शिडाच्या जहाजाचा ताबा घेतला, तेव्हा खलाशांनी तिचं ऐकलं कसं?

चोपड्याच्या एका मुलीने विचारलंय. ती बारावी सायन्सला आहे. १८५६ साली १९ वर्षांच्या एका अमेरिकन मुलीने, कॅप्टन नवरा आजारी पडल्यावर, शिडाचं मालवाहू जहाज केप हॉर्नला वळसा घालून सान फ्रान्सिस्कोला नेलं, असं तिच्या वाचनात आलं. तिचा दादा म्हणतो, ही रचलेली गोष्ट. जहाजभर रांगडे खलाशी एका पोरीचं ऐकणारच नाहीत. तर खरं काय? आणि जिने समुद्र एकदाच, सुरतेजवळच्या डुमसला पाहिलाय, अशा खान्देशच्या मुलीला हे काम जमेल का?

बेटा, गोष्ट खरी आहे. तिचं नाव मेरी अॅन पॅटन, जहाजाचं नाव नेपच्यून्स कार. पण दादाची शंका मी उडवून लावणार नाही. खलाशी ऐकतात ते कुणाचं आणि का, हाच यातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला माझ्या नोकरीत मिळालं. मी अमळनेर तालुक्यातली, माहेर तापीकाठचं. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची सात कॅप्टन म्हणून. शिडाच्या मोठ्या जहाजावर मी नोकरी केलेली नाही. शिडाचा अनुभव आहे तो सुटीत मुंबई बंदरात छोट्या होड्यांवर घेतलेला. तेव्हा वाऱ्याबद्दल बेताने बोलेन. जहाजाच्या ताब्याबद्दल मात्र मोकळेपणी बोलते.

आधी तो काळ डोळ्यांसमोर आण. १८५६. आपल्याकडे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती. खान्देशात रूळ पोचले नव्हते. इथला कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून मुंबईला जायचा आणि तिथून शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला. सुएझचा कालवा व्हायला अजून तेरा वर्षं होती. तिकडे अमेरिकेतही तीच गत. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यामुळे सान फ्रान्सिस्कोला मालाची प्रचंड मागणी होती, पण न्यूयॉर्कहून जड माल तिथे न्यायचा तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालण्यावाचून गत नव्हती. पनामा कालवा थेट १९१४चा. म्हणून क्लिपर नावाची लांब, निमुळती, भरपूर शिडांची वेगवान जहाजं बांधली गेली. नेपच्यून्स कार त्यातलंच एक, २१६ फूट लांब, सुमारे १,६०० टनांचं. कुठलं जहाज आधी पोचतं यावर पैजा लागायच्या, आणि आधी पोचणाऱ्याच्या मालाला भाव मिळायचा.

१ जुलै १८५६ला जहाज न्यूयॉर्कहून निघालं. कॅप्टन जोशुआ पॅटन. मेरीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा ती सोळाचीही पुरती नव्हती. याआधीच्या सफरीत ती त्याच्याबरोबर सान फ्रान्सिस्को, चीन, लंडन असं करत पृथ्वीला फेरी मारून आली होती. ती सफर सतरा महिन्यांची. कॅप्टनच्या बायकोला जहाजावर ठरलेलं काम नसतं. तिने त्या रिकाम्या वेळात नवऱ्याकडून सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, धरायला, सूर्याचा कोन मोजायला आणि त्यावरून जहाजाचा ठाव, म्हणजे ते नेमकं कुठे आहे ते, काढायला शिकून घेतलं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

या दुसऱ्या सफरीत चीफ मेट, म्हणजे कॅप्टनखालचा पहिला अधिकारी, कामचुकार निघाला. पहाऱ्यावर झोपायचा, वारा चांगला असताना शिडं आवळून ठेवायचा. कॅप्टनने त्याला कामावरून काढून खोलीत कोंडलं आणि त्याचंही काम स्वतःवर घेतलं. रात्रंदिवस डेकवर उभा राहिला. त्याला आधीच क्षय होता. केप हॉर्नच्या तोंडावर तो कोसळला. ताप मेंदूत चढला, बरळायला लागला, आणि पुढे त्याचे डोळेही गेले. दक्षिण गोलार्धातला तो ऐन हिवाळा. मेरी तेव्हा गरोदर होती.

आता दादाला हे विचार : त्या जहाजावर त्या दिवशी ठाव कोणाला काढता येत होता? कॅप्टन बेशुद्ध. चीफ मेट कैदेत. सेकंड मेट भला माणूस, पक्का दर्यावर्दी. कुठल्या वाऱ्यात कुठलं शीड ठेवायचं आणि कुठलं उतरवायचं हे त्याच्या हातात होतं, पण त्याला नेव्हिगेशन येत नव्हतं. खलाशांना तर नाहीच. राहिली कोण? कोंडलेल्या मेटने तिला चिठ्ठी पाठवली, पुढचे धोके मोजून दाखवले आणि मला सोड, असं सुचवलं. तिने उत्तर दिलं ते साधारण असं, की नवऱ्याला तू मेट म्हणून भरवशाचा वाटला नाहीस, मग मी तुला कॅप्टन म्हणून कसा भरवशाचा मानू? मग ती खलाशांसमोर गेली आणि त्यांनी तिचं नेतृत्व मान्य केलं. सेकंड मेटने डेक सांभाळलं, तिने ठाव, दिशा आणि निर्णय. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. शिडं कशी आवळायची हे ती सेकंड मेटला शिकवायला गेली नाही.

ठाव काढणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही, म्हणून जरा थांबते इथे.

तुझ्या चोपड्यातच करून बघता येईल असं सांगते. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. गच्चीवर सपाट जागी बरोबर १०० सेंटीमीटरची काठी ओळंब्याने उभी कर. भर दुपारी, सावली सगळ्यात आखूड असताना, तिची लांबी मोज. चोपड्याला ती ३९ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. त्रिकोणमिती तुला येतेच : ज्या कोनाचा टॅन ०.३९ तो कोन सव्वाएकवीस अंश. हाच चोपड्याचा अक्षांश. इतर दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या वर किंवा खाली असतो, तेवढे अंश तक्त्यातून घेऊन मिळवायचे किंवा वजा करायचे. सेक्स्टंट हेच करतं, फक्त काठीऐवजी आरशांनी सूर्याला क्षितिजावर आणून टेकवतं.

आता चूक करून बघ. सावली एक सेंटीमीटर कमी मोजलीस तर अक्षांश अर्ध्या अंशाने चुकतो. अर्धा अंश म्हणजे ३० सागरी मैल, सुमारे ५५ किलोमीटर. चोपड्याची मुलगी नकाशावर एरंडोलच्याही पलीकडे जाऊन बसते. एक सेंटीमीटर जास्त मोजलीस तर सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात. गच्चीवर याने काही बिघडत नाही. केप हॉर्नला ५५ किलोमीटरची चूक म्हणजे खडक.

रेखांशाला घड्याळ लागतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात आणि चोपडा आहे ७५.३ अंशांच्या जवळ, म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही. वर्षाची सरासरी धरली तर बारा एकोणतीसच्या आसपास येतो. हा एकोणतीस मिनिटांचा फरकच सांगतो की आपण प्रमाण रेखांशाच्या किती पश्चिमेला आहोत. जहाजावर ग्रीनिचची वेळ दाखवणारं क्रोनोमीटर असतं, ते रोज ठरावीक वेळी किल्ली देऊन जपायचं. केप हॉर्नच्या अक्षांशावर ते एक मिनिट चुकलं तर जहाज नकाशावर साडेआठ सागरी मैल सरकतं. मेरीला नवऱ्याच्या उशाशी बसून औषधं द्यायची होती, वैद्यकीची पुस्तकं चाळायची होती, वादळात डेकवर जायचं होतं आणि ते घड्याळ चुकवून चालणार नव्हतं. पन्नास रात्री तिने अंगावरचे कपडे बदलले नाहीत, असं तिच्याबद्दल नोंदलेलं आहे. मला ते अतिशयोक्त वाटत नाही. मीही सलग चार रात्री बूट न काढता काढल्या आहेत.

आणि सूर्यच दिसला नाही तर? त्या पट्ट्यात आठवडाभर ढग हटत नाहीत. तेव्हा अंदाजाने ठाव काढावा लागतो : होकायंत्रावरची दिशा, दोरी टाकून मोजलेला वेग, गेलेला वेळ. त्यात वारा जहाजाला बाजूला किती ढकलतो आणि प्रवाह किती ओढतो ते धरायचं. हे मी कॉलेजात शिकले त्याआधी आमच्या नावाड्याकडून शिकले. लहानपणी आजीबरोबर तापी ओलांडून पलीकडे जायचो. नावाडी समोरच्या घाटाकडे नाव कधीच मारायचा नाही. नावेचं तोंड वरच्या अंगाला, पार एका बाभळीकडे धरायचा, आणि नाव तिरकी सरकत बरोबर घाटाला लागायची. मी एकदा विचारलं, तुम्ही तिकडे कुठे चाललात? तो म्हणाला, ‘नदी लई जास ना बेटा, ती जेवढी लई जास तेवढं आधीच देनं पडस.’ म्हणजे नदी जेवढं ओढून नेते, तेवढं तिला आधीच द्यावं लागतं. पुढे कॉलेजात प्रवाहाचा त्रिकोण काढायला शिकवला तेव्हा वहीवर मला ती बाभूळ दिसली.

आता वारा. केप हॉर्न साधारण ५६ अंश दक्षिणेला आहे. त्या पट्ट्यात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या पश्चिमी वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, आणि लाटा मैलोन्‌मैल वाढत येतात. मेरीला जायचं होतं पूर्वेकडून पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर. आडव्या परबाणांवर, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या वाशांवर, चौकोनी शिडं असलेलं जहाज वाऱ्याच्या तोंडापासून साधारण ६० ते ६५ अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. म्हणून नागमोडी जावं लागतं : आधी डाव्या अंगाला लांबवर, मग उजव्या अंगाला. शंभर मैल धावलं तर पुढे सरकतं चाळीस ते पन्नास, आणि वारा बाजूला ढकलतो तेवढं त्यातूनही जातं. वळताना दोन वाटा. एक, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडातून फिरवायची. यात अंतर वाचतं, पण मोठ्या लाटांत जहाज मध्येच अडकून शिडं उलटी फुगली तर डोलकाठी मोडायची भीती. दुसरी, वाऱ्याला पाठ देऊन मोठा वळसा घ्यायचा. यात कमावलेलं अंतर हातचं जातं, पण जहाज शाबूत राहतं. दिवसातून कितीदा तरी हा निर्णय. माणसं वर परबाणावर, बर्फाळलेल्या दोरखंडांना लोंबकळलेली, आणि खाली चुकीचा हुकूम दिला तर त्यांच्यातला कोणीतरी पाण्यात. खलाशी सरसकट मान डोलावत नाहीत, हे दादाचं बरोबर आहे. पण तिने सांगितलेली दिशा आणि नंतर दिसलेला किनारा जुळतो का, हे ते रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते.

मधल्या काळात कॅप्टन थोडा सावरला आणि त्याने त्या मेटला पुन्हा कामावर घेतलं, असं त्या सफरीच्या हकिगतींत येतं. मेटने जहाज गुपचूप चिलीतल्या वालपराइसोकडे वळवलं. मेरीच्या लक्षात आलं, कारण ती स्वतः ठाव काढत होती आणि नकाशावरची रेघ भलतीकडे चालली होती. वालपराइसोला नांगर टाकला असता तर अर्धे खलाशी पळाले असते आणि माल अडकला असता. मेटला पुन्हा काढलं. ज्याला फक्त हुकूम देता येतात त्याला ही फसवणूक बंदरात पोचेपर्यंत कळली नसती.

१५ नोव्हेंबर १८५६ला जहाज सान फ्रान्सिस्कोला लागलं, मालासकट, साडेचार महिन्यांनी. त्याच सुमारास निघालेल्या इन्ट्रेपिड नावाच्या क्लिपरच्या आधी.

पुढचं सांगायला जीव जड होतो. विमा कंपनीने तिला १,००० डॉलर दिले. जहाजाची आणि मालाची किंमत लाखांत होती. माझ्या मते ती रक्कम तोकडी होती. मार्च १८५७मध्ये तिला मुलगा झाला. जुलैमध्ये नवरा गेला. १८६१मध्ये तीही क्षयाने गेली, चोवीस वर्षंही पूर्ण नव्हती. अमेरिकेतल्या किंग्ज पॉइंटच्या मर्चंट मरीन अॅकॅडमीतल्या रुग्णालयाला आज तिचं नाव आहे.

त्या वेळी तिचा गौरव झाला तो आदर्श पत्नी म्हणून. तिने स्वतःही विमा कंपनीला लिहिलं की मी बायकोचं कर्तव्य केलं, एवढंच. आपल्याकडे सावित्रीची गोष्ट सांगतात तशी ती सांगितली गेली. तिच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण नवऱ्यावर जीव असणाऱ्या बायका त्या काळी कितीतरी जहाजांवर असतील, आणि निष्ठेने अक्षांश निघत नाही. तिच्याकडे सतरा महिन्यांची वहीतली गणितं होती. तिला पतिव्रता म्हणून थांबणारे लोक त्या वहीचं श्रेय काढून घेतात, हे मला आजही लागतं.

आता माझ्यावर आलेली वेळ सांगते, म्हणजे ताबा घेणं आतून कसं असतं ते कळेल. मी तेव्हा चीफ ऑफिसर, म्हणजे चीफ मेटच, होते, वय ३१. दक्षिण आफ्रिकेत कोळसा भरून ओडिशातल्या पारादीप बंदराकडे निघालो होतो. तिसऱ्या रात्री पावणेतीनला कॅप्टनच्या खोलीतून फोन आला, नुसता श्वास ऐकू येत होता. धावत गेले. ते पलंगाशी जमिनीवर बसले होते, घामाने ओले, डावा हात छातीशी. बोलता येत नव्हतं.

आजच्या कायद्यात चीफ मेट म्हणजे कोण, याची आंतरराष्ट्रीय व्याख्याच अशी आहे की कॅप्टन असमर्थ झाल्यावर ताबा ज्याच्याकडे जातो तो अधिकारी. मेरीकडे असा कागद नव्हता. ती जहाजाच्या नोकरवर्गात सुद्धा नव्हती. माझ्याकडे होता. पण पहाटे तीन वाजता ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, चढताना तो कागद आठवत नाही. मी वर गेले. सेकंड ऑफिसर माझ्यापेक्षा वयाने मोठा, सुकाणी, आणि निरोप गेल्यामुळे वर आलेले सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, दापोलीकडचे, पन्नाशीचे. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात थरथरत होते, म्हणून मी चार्टच्या टेबलाचा काठ धरला आणि पेन्सिल उचलली. ठाव टाकला. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरापर्यंत अंतर मोजलं : ६४० सागरी मैल. साडेबारा नॉटने, म्हणजे तासाला साडेबारा सागरी मैलांनी, ५१ तास. मग मोठ्याने म्हटलं, ‘आपण इथे आहोत. मॉरिशसला वळतोय, परवा सकाळी पोचू.’ नवी दिशा सांगितली. सुकाण्याने ती परत उच्चारली आणि चाक फिरवलं. सारंग म्हणाले, ‘चीफ मॅडम, खाली स्ट्रेचर लावतो.’ ताबा घेतला तो इतकाच, एका आकड्याने. नंतर लॉगबुकात वेळ, ठाव आणि ‘मास्टर (म्हणजे कॅप्टन) असमर्थ, ताबा चीफ ऑफिसरने घेतला’ असं लिहून सही केली. ते अक्षर माझ्या नेहमीच्या अक्षरापेक्षा मोठं आलंय.

कंपनीच्या ऑफिसातून सॅटेलाइट फोनवर पहिला प्रश्न आला तो, ‘जहाजावर दुसरं कोणी सीनियर आहे का?’ मी म्हटलं, नाही, मीच आहे, आणि डॉक्टरचा नंबर द्या. त्या प्रश्नाने मला पुढे बरेच दिवस त्रास दिला. त्या ५१ तासांत जहाजावरच्या एकानेही तो विचारला नाही. रेडिओवरून डॉक्टर सांगतील तशा गोळ्या दिल्या, दर तासाला नाडी मोजली. कॅप्टन वाचले. आजही दिवाळीला त्यांचा फोन येतो.

तर दादाला सांग : संकटात खलाशी पहिल्यांदा बघतात ते याला आपण कुठे आहोत हे माहीत आहे का. पहिल्या दिवशी बाई म्हणून भुवया उंचावतात, मी पाहिल्या आहेत. किनारा सांगितल्या वेळी दिसला की तो विषय मागे पडतो. मात्र पहिली चूकही बाईची जास्त लक्षात ठेवली जाते, हे लपवून मी तुला नुसतं गोड गोड सांगणार नाही.

आपल्याकडे शिडावर हे कोणी केलंय का? केलंय, आणि ताजं आहे. भारतीय नौदलाची आयएनएसव्ही तारिणी, ५५ फुटांची शिडाची नौका, गोव्यात बांधलेली. १० सप्टेंबर २०१७ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ला गोव्याला परतल्या, २५४ दिवसांनी. केप हॉर्न त्यांनीही ओलांडलं, पण पश्चिमेकडून पूर्वेला, वारा पाठीशी घेऊन. मेरीची दिशा उलटी होती. याने तारिणीचं काम हलकं होत नाही. पाठीमागून येणारी मोठी लाट छोटी नौका आडवी पाडू शकते. परतीच्या वाटेवर त्यांच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेलं नसताना पोर्ट लुईला थांबावं लागलं. त्यानंतर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच नौकेवर २ ऑक्टोबर २०२४ला निघाल्या आणि २९ मे २०२५ला परतल्या, सुमारे २५,४०० सागरी मैल करून. दोघीच, म्हणजे एक झोपली की दुसरी कॅप्टन. दिवसरात्र आळीपाळीने, आठ महिने. मला यातलं सगळ्यात अवघड वाटतं ते झोपणारीचं काम. दुसरीवर सगळं टाकून डोळे मिटायचे, वादळात सुद्धा.

व्यापारी जहाजांवरचं उदाहरण कॅप्टन राधिका मेनन यांचं. जून २०१५मध्ये बंगालच्या उपसागरात, उसळलेल्या समुद्रात त्यांनी सात मच्छीमारांना वाचवलं. त्यासाठी २०१६चा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आता तुझं. सर्वसाधारण अट अशी : बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ६० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०, आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. डोळे चांगले हवेत, आणि रंग ओळखण्यात दोष अजिबात चालत नाही, कारण रात्री लाल दिवा आणि हिरवा दिवा यावरच समोरचं जहाज कुठल्या अंगाने जातंय ते कळतं. ही तपासणी आधी करून घे, फी भरण्याच्या आधी. वाटा दोन : तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची पदवी, किंवा एक वर्ष डिप्लोमा आणि मग दीड वर्ष जहाजावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी. पुढे सेकंड मेट, चीफ मेट, मास्टर अशा परीक्षा. कॅप्टन व्हायला नऊ-दहा वर्षं धर. शिडाचीच ओढ असेल तर नौदलाकडे बघ; तारिणीवरच्या सगळ्या नौदलाच्या अधिकारी आहेत आणि सागरी शिडनौकांचं नौदलाचं केंद्र गोव्यात आहे.

एक गोष्ट तळमळून सांगते. ‘पैसे भरा, थेट जहाजावर लावतो’ म्हणणारे दलाल आपल्या भागात फिरतात. कापसाचे पैसे आले की त्यांचे फोन सुरू होतात. संस्था आणि भरती कंपनी डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंग या जहाजवाहतुकीच्या सरकारी कार्यालयाच्या यादीत आहे का, ते स्वतः तपासल्याशिवाय वडिलांना एक रुपया देऊ देऊ नकोस. आमच्या शेजारच्या गावातल्या एका मुलाने यात शेत गहाण टाकलं.

पोहायला शीक, पण तापीत नको. तलावात, शिकवणारा असेल तिथे. मी निघाले तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, ‘समुद्रमा आपलं कोन से?’ माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पहिल्या सफरीवरून मी त्यांना पत्रात रोजचे अक्षांश-रेखांश लिहून पाठवले. त्यांनी माझ्या धाकट्या भावाच्या शाळेचा नकाशा ओसरीच्या भिंतीवर लावला आणि पत्र आलं की खिळे ठोकून सुतळी ओढत गेले. आखाजीला मी घरी आले तेव्हा सुतळी डर्बनपर्यंत पोचलेली होती, आणि गावातले लोक ती बघून जात होते.

आज रात्री आकाश मोकळं असेल तर गच्चीवर जा. उत्तरेला ध्रुवतारा शोध. हात सरळ लांब करून मूठ धर. एक मूठ साधारण दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोज. दोन मुठी आणि वर एक बोट, तिथे तो सापडायला हवा, कारण ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच तुझा अक्षांश. मिळेल तो आकडा तारीख घालून वहीत लिही. चुकला तरी खोडू नकोस, उद्या त्याच्या खाली पुन्हा मोजून लिही.